खोटं न जमणारा ऑरिन टॅकेट

ऑइलडेलमध्ये कुणाचा फ्रिज बंद पडला की लोक आधी ऑरिन टॅकेटला फोन करत आणि मग दुपारची बाकीची कामं रद्द करून टाकत. ऑरिन यायचा अगदी वेळेवर, पण निघेल कधी याचा नेम नसे. दुरुस्ती अर्ध्या तासाची आणि ती नेमकी का करावी लागली हे समजावण्याचा कार्यक्रम तासाभराचा. घरातल्या बाईने "कळलं, कळलं" म्हटलं तरी तो तिला वाकायला लावून नळीवर बोट ठेवायला सांगे.

"इथं गार लागतंय ना? आणि इथं नाही. म्हणजे मधे कुठंतरी अडलंय."

बाई बिचारी मान हलवी. मशीन का बिघडलं हे मालकाला न सांगता निघून येणं म्हणजे ऑरिनला त्याच्या घरातून काहीतरी उचलून आणल्यासारखं वाटे.

तो तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता. उंच, किडकिडीत, आणि कान असे की टोपी त्यांच्यावरच टेकायची. लहानपणी ओक्लाहोमातून ट्रकवर रचलेल्या गाद्यांवर बसून आईबापांबरोबर इकडे आला, कापूस वेचला, मग गारव्याच्या मशीनांत शिरला तो शिरलाच. आठवड्याचे सहा दिवस हे असं. सातव्या दिवशी मात्र तो चौतीस सालची दोन दारांची फोर्ड कूप बाहेर काढी. तिचं छत कापून चार बोटं खाली आणलेलं होतं, त्यामुळे आत बसताना ऑरिनला मान खांद्यांत घ्यावी लागे.

कापसाच्या शेतांमधला एक सरळसोट रस्ता होता. त्यावर पाव मैलाच्या दोन्ही टोकांना चुन्याच्या रेघा मारलेल्या. रविवारी सकाळी चर्चला जाणारे चर्चला जात आणि उरलेले तिकडे.

तिथला एक रिवाज होता. शर्यतीआधी रेघेवर उभं राहून खोटं बोलायचं. "क्लच घसरतोय रे आज." "बायकोने काल गाडी बाजारात नेली होती, चाकात खिळा आहे बहुतेक." "दाढ सुजलीय, डोळ्यांपुढं दोन-दोन रस्ते दिसतायत." समोरच्याने हे ऐकून तोंडभर हळहळायचं आणि त्यातल्या एका शब्दावरही विश्वास ठेवायचा नाही. कोण किती सफाईने थापा मारतो, यावरही माणसाची किंमत ठरे.

या विद्येत ऑरिन अगदीच ढ. एकदा मोठी हिंमत करून तो म्हणाला, "माझा क्लच घसरतोय." समोरच्याने सहज विचारलं, "कधीपासून?" ऑरिनचे कान टोकापर्यंत लाल झाले. "नाही... म्हणजे घसरत नाही तसा. परवाच नवा टाकलाय." सगळा रस्ता खदाखदा हसला, आणि ती गोष्ट पुढे तीन वर्षं त्याला पुरली.

ऑरिनच्या शर्यतीच्या क्लबचं नाव ऑइलडेल डस्टर्स. क्लबात एके काळी सात गाड्या होत्या आणि प्रत्येकीच्या मागे, नंबरपाटीच्या खाली, दोन साखळ्यांनी लोंबणारी क्लबच्या नावाची ॲल्युमिनियमची पाटी. या पाट्या क्लोव्हिस बीमने ओतलेल्या. क्लोव्हिस ओतशाळेत कामाला होता. त्याने क्लबात शिरायची एकच अट ठेवली होती. नव्या माणसाने स्वतःच्या गाडीचा फुटका पिस्टन आणायचा. तो वितळवून क्लोव्हिस त्यातून त्याची पाटी ओते. "ज्यानं इंजिन फोडलं नाही, त्याला इंजिन कळलं नाही," असं तो म्हणे. दुसऱ्याचा पिस्टन चालत नसे.

क्लोव्हिस दोन हिवाळ्यांपूर्वी गेला. जाताना साच्याची लाकडी पेटी आणि ओतायची लांब दांड्याची पळी ऑरिनकडे देऊन गेला. पाट्यांची मात्र वाताहत झाली. कुणी गाडीसकट विकली, कुणी ओरेगॉनला घेऊन गेला, एक कालव्यात गेली. शेवटी उरली ती ऑरिनची. नवी पाटी ओतायची तर जुनी ओल्या वाळूत दाबून तिचा ठसा घ्यावा लागतो. म्हणजे ती एक पाटी होती तोवर क्लब होता.

आणि ती एक पाटी ऑरिनने जुलैत घालवली.

घालवली ती जोआकिम बोर्बाला. बोर्बा हॅनफर्डकडचा दूधवाला, दीडशे गाईंचा मालक, बसका, छातीने पिंपासारखा, आणि थापा मारण्यात पट्टीचा. त्याने पंचावन्न सालची शेव्ही गाडी आणून आव्हान दिलं. आव्हान आलं की पाटी पणाला लावायची, हा दुसरा रिवाज. अर्ध्या रस्त्यापर्यंत ऑरिन पुढे होता. मग शेव्हीला कुणी मागून लाथ घालावी तशी ती उसळली आणि तीन गाड्यांच्या अंतराने निघून गेली.

ऑरिनने साखळ्या सोडवल्या. पाटी दिली आणि चेहरा दिसू नये म्हणून तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. आणि वाकला तो तसाच राहिला. डांबर बुटाला चिकटत होतं असं ऊन, आणि शेव्हीच्या पोटाखालून जाणाऱ्या एका बारीक तांब्याच्या नळीवर बर्फाचं पांढरंशुभ्र हिव साचलं होतं.

बाकी कुणाला त्यातून काही कळलं नसतं. पण हिव हे ऑरिनचं अन्न होतं. दाबाखालचा द्रव सुटून वायू झाल्याशिवाय नळी अशी गोठत नाही. नळी कुठून येते हे त्याने डोळ्यांनीच मागे मागे शोधलं. ती डिकीतून येत होती आणि उघड्या डिकीत दुधाचा कॅन होता. दूधवाल्याच्या डिकीतला दुधाचा कॅन कोण उघडून बघणार?

घरी येईपर्यंत त्याला उलगडा झाला होता. पाटी गेल्याचं दुःख तर होतंच, पण गडी आनंदाने फुललाही होता. अशी त्याची तऱ्हा.

"नडीन, नायट्रस!" दारातूनच तो बायकोला म्हणाला. "दाढ काढताना हुंगायला देतात तो. बेकरीत क्रीम फुगवतात तो!"

"पाटी कुठाय?" नडीन म्हणाली.

"गेली. पण ऐक ना..."

"पाटी गेली आणि तू हसतोयस. त्यानं तुलाच हुंगवला की काय?"

त्याने तिला सगळं समजावलं, आणि नडीनने ऐकून घेतलं, कारण अठरा वर्षांत तिला त्याची सवय झाली होती. चुलीला फुंकणीने वारा घातला की जाळ भडकतो, तसा हा वायू. तो स्वतः जळत नाही, जळणाऱ्याला बळ देतो. फक्त वारा वाढवला की लाकूडही वाढवायला हवं, म्हणजे पेट्रोलही जास्त सोडायला हवं. नाहीतर जाळ लाकूड सोडून भांड्यालाच धरतो.

ऑरिनने बेकरीचा मोठा फ्रिज दुरुस्त करून दिला आणि बदल्यात वायूची एक बाटली आणली. नळ्या, झडपा, जोड, सगळं त्याच्या व्हॅनमध्ये होतंच. महिनाभरात त्याने असं सुबक काम केलं की बघत राहावं. पण गाडी काही केल्या उसळेना. जरा खोकायची आणि पुन्हा आपल्या चालीने चालायची.

कारण आपला हा फ्रिजवाला बाटली बर्फात ठेवत होता! गार तेवढं चांगलं, हे वीस वर्षांचं शहाणपण. दर रविवारी निघण्याआधी बाटलीभोवती बर्फाची पोती रचायची आणि रस्त्यावर जाऊन कपाळाला हात लावायचा. दुसऱ्या कुणाही माणसाने ही चूक केली नसती, कारण दुसऱ्या कुणी एवढा बर्फ वाहिला नसता.

एके दिवशी बर्फ भरताना नडीन दारात उभी राहिली. "आपल्या गारव्याच्या मशीनला थंडीत दाब येत नाही म्हणून तूच रडतोस ना?"

"हो. गार असलं की दाब पडतो. ते तर..." ऑरिन थांबला. हातातलं बर्फाचं पोतं तसंच खाली ठेवलं.

"अठरा वर्षं ऐकतेय मी," नडीन म्हणाली. "थोडं तूही ऐकत जा स्वतःचं."

तिनेच मग आपलं विजेवर तापणारं गुलाबी पांघरूण बाटलीला गुंडाळलं. पुढच्या रविवारी कूपने अशी झेप घेतली की ऑरिनची टोपी मागच्या काचेला जाऊन चिकटली.

जानेवारीत त्याने बोर्बाला निरोप धाडला. पाटी परत हवी. बोर्बाने उलट विचारलं, तुझ्याकडे लावायला आहे काय? ऑरिनने क्लोव्हिसची पेटी आणि पळी लावली. हरला असता तर बोर्बाकडे पाटी, पेटी, पळी, सगळंच गेलं असतं आणि डस्टर्सचं नाव घ्यायलाही काही उरलं नसतं. उरलेले तिघे सभासद त्या आठवड्यात त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलले.

त्या रविवारी धुकं अकरापर्यंत हललं नाही. माणसं कॉफी पीत, हात चोळत उभी. थंडीत बाटलीचा दाब पडतो हे त्या रस्त्यावर दोघांनाच ठाऊक होतं, आणि दोघेही ते दुसऱ्याला ठाऊक नाही असं दाखवत होते. कारण तिसरा रिवाज असा, की बाटली असलेल्याने 'आहे' म्हणायचं नाही आणि ज्याला दिसली त्याने 'दिसली' म्हणायचं नाही. बोर्बा दर पाच मिनिटांनी डिकी उघडून कॅनवर किटलीतलं गरम पाणी ओतत होता.

"दूध तापवतोयस?" कुणीतरी विचारलं.

"आंघोळ घालतोय," बोर्बा म्हणाला. "तुमच्याकडे रविवारी घालत नाहीत वाटतं?"

ऊन आलं तसा त्याने बॉनेट उघडून स्पार्क प्लग बदलायला घेतले. जुने आठ प्लग ओळीने कपड्यावर मांडले. ऑरिन पाय मोकळे करत जवळून गेला आणि सवयीने त्याची नजर त्या ओळीवरून फिरली. तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर खसखशीएवढे चकचकीत दाणे चिकटले होते.

ते ॲल्युमिनियम होतं. आतला पिस्टन वितळायला लागला होता. बोर्बाने जास्त जोरासाठी वायूच्या तोटीचं भोक मोठं केलं असणार आणि पेट्रोलचं तसंच ठेवलं असणार. वारा वाढला, लाकूड तेवढंच. आज हा माणूस कॅनमधल्या बाटलीतला वायू सोडेल आणि पाव मैल संपायच्या आत त्याचं इंजिन फुटेल, हे ऑरिनला समोर लिहिल्यासारखं दिसलं.

गप्प बसलं की झालं. पाटी घरी. ऑरिन वळला, चार पावलं चालला. त्याला क्लोव्हिस आठवला, पेटी आठवली. पण मशीन बिघडलंय आणि मालकाला माहीत नाही, ही गोष्ट पोटात ठेवणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. तो परत आला.

"जोआकिम, आज नको पळवू," तो म्हणाला. "तिसरा पिस्टन जाईल. तुझं पेट्रोल कमी पडतंय. तो प्लग बघ."

बोर्बाने प्लग उचलला, डोळ्यांजवळ धरला, मग ऑरिनकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. पाठीवर एक सणसणीत थाप बसली.

"शाबास रे पठ्ठ्या! शेवटी शिकलास! अरे, ऐकलंत का? टॅकेटला थाप मारता यायला लागली!"

"थाप नाही मारत. ते दाणे..."

"आणि कान बघा, जरासुद्धा लाल नाहीत! कुठं शिकवणी लावलीस?"

ऑरिन काकुळतीला आला. त्याने जे केलं ते त्या रस्त्यावर कुणीच कधी केलं नव्हतं. तो आपल्या कूपकडे गेला, सगळ्यांच्या देखत डिकी उघडली आणि गुलाबी पांघरूण बाजूला सारलं. "ही बघ. माझ्याकडेही आहे. मला कळतंय म्हणून सांगतोय. पाहिजे तर माझ्याकडची पेट्रोलची मोठी तोटी देतो, अर्ध्या तासात बसवून देतो, मग पळू."

माणसं वाकून बघू लागली. मग बोर्बा पोट धरून हसला. "थापेसाठी एवढा खर्च! बायकोचं पांघरूणसुद्धा आणलं! चल, चल, रेघेवर चल."

इशाऱ्याची हॅट खाली पडली. दोघे निघाले. मध्यापर्यंत बोर्बा अर्धी गाडी पुढे होता, आणि त्याने बाटली सोडली तेव्हा पूर्ण एक गाडी पुढे गेला. ऑरिननेही सोडली. एवढ्यात शेव्हीच्या आत कुणी पिंपावर घण घातल्यासारखा आवाज झाला आणि तिच्या मागून निळापांढरा धूर लोटला. ऑरिन धुरातून एकटाच रेघ ओलांडून गेला.

त्याच्या माणसांनी आरोळ्या ठोकल्या. ऑरिनने मात्र गाडी वळवली, सीटमागचा दोर काढला आणि शेव्हीला बांधला. बोर्बाने पाटी आणून त्याच्या हातात दिली. तिला गोठ्याचा वास येत होता. चौथा रिवाज असा, की जिंकलेली पाटी उलटी टांगायची, आणि ती सहा महिने बोर्बाच्या गोठ्यात उलटी लटकली होती. हॅनफर्डपर्यंत दीड तास ऑरिनने त्याला ओढून नेलं. दोर आवळून धर, दोर सैल सोड, एवढंच काय ते दोघांत हातवाऱ्यांनी बोलणं झालं.

घरी आल्यावर त्याने पाटी गाडीला लावली नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि तिच्यासमोर बसून राहिला.

"जिंकलास ना?" नडीनने विचारलं.

"मी खरं बोललो, नडीन. शब्द न् शब्द खरा. आणि तरी त्याला फसवून आणल्यासारखं वाटतंय."

"मग तू खोटं बोलायला हवं होतंस," नडीन म्हणाली. "म्हणायचं होतं, गाडी झकास आहे, पळव बिनधास्त. लगेच घरी गेला असता."

ऑरिन हसला, पण पाटी तशीच टेबलावर राहिली. दोन आठवडे ते तिच्या भोवतीने जेवले.

तिसऱ्या रविवारी दुपारी दारात दुधाचा ट्रक थांबला. बोर्बा उतरला, चर्चचा कोट घातलेला, एका हातात आईने भाजलेला गोड पाव, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. आत आला, बसला नाही. फडकं सोडून त्याने पिस्टन टेबलावर ठेवला. डोक्यावर भोक पडलेला. बोर्बाने त्यात बोट घालून दाखवलं. आरपार गेलं.

"तिसरा," तो म्हणाला.

"हं," ऑरिन म्हणाला.

"तू खरं सांगत होतास, गाढवा!"

"हो."

"मग जोरात का नाही सांगितलंस?"

"डिकी उघडली की रे!"

बोर्बाने फडक्याची घडी घातली. "मी तीस वर्षं थापा ऐकतोय," तो म्हणाला. "मला वाटलं, खरं बोलायला तुला काय पडलंय? तुझं सगळं तर तिथं पणाला लागलेलं." मग त्याने पिस्टन बोटाने पुढे सरकवला. "तुमच्या क्लोव्हिसची अट ऐकून आहे मी. हा माझाच आहे. दुसऱ्याचा नाही."

नडीनने पाटीखालचं टेबल पुसलं आणि पाव कापायला घेतला. ऑरिन उठून पेटी आणायला गेला.

अंगणातच त्यांनी काम मांडलं. उरलेले तिघे सभासद आले. ओली वाळू पेटीत ठोकून बसवली, जुनी पाटी तीत दाबली आणि हलकेच काढून घेतली. मूस लालसर होत गेली आणि मग तिच्यातला बोर्बाचा पिस्टन एकदम ढासळला. क्लोव्हिसच्या पळीने ऑरिनने ओतलं. एक थेंबही सांडला नाही. क्लोव्हिस गेल्यापासून डस्टर्सना असा वास आला नव्हता आणि तिघांतल्या दोघांनी धूर लागल्यासारखे डोळे पुसले.

थंड झाल्यावर पाटी कानशीने घासली. बोर्बाने ती जुनीवर ठेवून पाहिली, मग खिशातली पट्टी काढून मोजली. त्याची मुद्रा बदलली.

"ही एक सूत लहान आहे."

"आटते," ऑरिन म्हणाला. "गार होताना ॲल्युमिनियम आटतं. साचा जुन्या पाटीएवढा, म्हणजे नवी एक सूत कमीच येणार."

"म्हणजे तुमची मोठी आणि माझी लहान?"

"तसंच असतं. मी समजावून सांगतो, इथं बोट ठेव..."

तिघेही सभासद बोर्बाकडे बघत होते. बोर्बाने ऑरिनच्या कानांकडे नीट निरखून पाहिलं, एकाकडे, मग दुसऱ्याकडे. मग पट्टी मिटून खिशात टाकली.

"राहू दे," तो म्हणाला. "तू म्हणालास आटते, म्हणजे आटते."